दोन-तीन वर्षांच्या पोरांचा टीव्ही: तुमच्या घरात काय मानतात?

फोंड्याची_सून

आमच्या कॉलनीत संध्याकाळी खालच्या बाकावर आयांची बैठक बसते. हल्ली विषय एकच, टीव्ही. पोरं सगळी दीड ते चार वर्षांची, आणि मतं सगळ्यांची ठाम.

एकीचं म्हणणं, पुढे इंग्रजी माध्यमात घालायचंय तर कानावर आतापासून इंग्रजी पडू दे, म्हणून तिच्याकडे सकाळपासून ऱ्हाइम्स. दुसरी म्हणते टीव्ही चालतो, मोबाइल वाईट, कारण टीव्ही लांब असतो. तिसरीला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला की टीव्ही बघून मुलांना ऑटिझम होतो. तिने दुसऱ्या दिवशी केबल काढून टाकली, आणि तिचा नवरा आता मॅच बघायला आमच्याकडे येतो. राहता राहिल्या माझ्या सासूबाई. त्यांचं एकच वाक्य: "टीव्ही ना जाल्यार हें भुरगें जेवतलें कशें?" (टीव्ही नसेल तर हे पोर जेवणार कसं?) त्यावर बोलायची आमच्या घरात कोणाची टाप नाही.

डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये काय सांगितलं ते मला पाठ आहे. दोन वर्षांच्या आत नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर बरंच. कृपया तेच परत चिकटवू नका. मला वेगळं विचारायचंय. आपण आईबाप टीव्हीबद्दल जे मानतो त्यातलं खरं किती, आणि ते आपण का मानतो? माझी मुलगी पावणेतीन वर्षांची आहे. तिचं कार्टून म्हणाल तर जेवणापुरतं. तरी काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

खाजें

आम्ही सगळे टीव्ही बघूनच मोठे झालो. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा अख्खा वाडा एका घरात. कोणाचं काय वाकडं झालं? हल्लीच्या आईबापांना घाबरायला काहीतरी हवंच असतं. (हलके घ्या.)

हळसांदे

खाजें, तुमचं रामायण आठवड्यातून एकदा लागायचं आणि संपायचं. पावसात वीज गेली की तेही नाही. संपल्यावर तुम्ही काय करत होता? बाहेर काठ्यांची धनुष्यं करून एकमेकांचे डोळे फोडायला निघत होता. आता एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो, धनुष्य करायला सवड कुठे मिळते पोराला?

आबोली_२

मी स्पष्टच लिहिते. वेर्ण्याला कंपनीत आहे, फर्स्ट शिफ्टला बस पहाटेच येते. नवऱ्याची ड्यूटी तिसऱ्या गावी. घरी सासूबाई, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा दोन वर्षांचा, पाय लागल्यापासून चालत नाही, धावतोच. परड्यात विहीर आहे, जुनी, कठडा माझ्या मांडीएवढा. पलीकडे रस्ता, आणि त्या रस्त्यावरून खडीचे ट्रक.

टीव्ही लावला की तो एका जागी बसतो. सासूबाईंना तो दिसतो. बस्स. "टीव्हीवरून शिकतो" वगैरे मी कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं तर म्हणते, कारण विहिरीचं नाव काढलं की लोक मला नोकरी सोडायचा सल्ला देतात.

फोंड्याची_सून

आबोली, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आमच्या बाकावर हे कोणी बोलत नाही. सगळ्यांची मुलं "शिकतच" असतात.

बालवाडीबाई

डिचोली तालुक्यात बालवाडी चालवते, केस पांढरे याच कामात झाले.

जूनमध्ये नवीन पोरं येतात तेव्हा पालक अभिमानाने सांगतात, बाई, याला वीसपर्यंत इंग्रजी आकडे येतात, टीव्हीवरून शिकला. पोर खरंच घडाघडा म्हणतं, सुरासकट, मधल्या ढॅण् ढॅण् संगीतासकट. मी समोर चिंचोक्यांचा ढीग ठेवते आणि म्हणते, मला तीन दे बघू. ते मूठभर उचलून माझ्या हातात ठेवतं. पुन्हा सांगते, तीन. ते परत "वन टू थ्री फोर" सुरू करतं आणि वीसला जाऊन थांबतं. चिंचोके तसेच. मग मी त्याच्या बोटाला धरून एकेक चिंचोका सरकवते. असं काही दिवस गेले की एक दिवस ते नेमके तीन देतं आणि माझ्या तोंडाकडे बघतं, बरोबर का म्हणून.

बघायचं ते नेमकं हेच. टीव्ही त्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि त्याने चार दिले तर "चार झाले रे" म्हणत नाही. आता पालकांना वाटतं पोर हुशार झालं, आणि मी ते तोडून बोलत नाही, कारण पोर हुशार असतंच. पण त्याला आकडे येत नाहीत, आकड्यांचं गाणं येतं.

हळसांदे

बाई, पटलं. पण भाषेचं काय? आमच्या घरी सगळे कोंकणी बोलतात, वाचन मराठी. माझा साडेचार वर्षांचा भाचा आजीला म्हणतो, "दादी, मुझे बहुत भूख लगी है." घरात हिंदी बोलणारं कोणी नाही. हे डोरेमॉनचं काम. म्हणजे टीव्हीवरून भाषा येते की नाही? बांगलादेशाने तर २०१३ मध्ये हिंदी डोरेमॉन बंदच केलं, पोरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून. मग पहिल्या बाकवाल्या आईचं ऱ्हाइम्सचं गणित चुकलं कुठे?

खाजें

मजा आली. याचं उत्तर वाचायला थांबलोय.

मुलांचा_डॉक्टर

गोव्यातच मुलांच्या ओपीडीत बसतो, एवढी ओळख पुरे. लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हळसांदे, तुमच्या भाच्याचं उदाहरण खरं आहे आणि आईचं गणितही चुकलेलं आहे, कारण फरक वयाचा आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. बारा बैठका. काही बाळांसमोर प्रत्यक्ष माणूस बसून गोष्ट वाचायचा, खेळणी दाखवायचा. काहींना त्याच माणसांचा व्हिडिओ. माणसासमोर बसलेल्या बाळांना मँडरिनचे आवाज वेगळे ओळखता यायला लागले. व्हिडिओवाल्यांना काहीच नाही, जणू मँडरिन ऐकलीच नव्हती. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत पडद्यावरची गोष्ट खऱ्या जगात आणणं मुलांना फार जड जातं. त्यानंतर ते जमायला लागतं. अमेरिकेत १९६९ साली सेसमी स्ट्रीट हे टीव्ही मालिकारूपी शिक्षण सुरू झालं ते तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, आणि त्या वयाची मुलं त्यातून अक्षरं, आकडे शिकतात हे पुष्कळ तपासलं गेलंय. भाचा साडेचारचा आहे, शिवाय शेजारच्या पोरांशी तेच संवाद खेळत असणार. दीड वर्षाच्या बाळाला ते लागू करू नका.

आता समजुतींबद्दल. २००७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि मिनेसोटा या राज्यांत हजारभर पालकांना फोन करून विचारलं. तीन महिन्यांची ४० टक्के बाळं नियमित टीव्ही किंवा व्हिडिओ बघत होती, दोन वर्षांपर्यंत ९० टक्के. का लावता, तर "बाळाला शिकायला मिळतं" हे उत्तर सगळ्यात वर होतं. आबोलीताईंचं "मला काम असतं" ते त्याच्या खाली. तुमच्या बाकावर वेगळं काही घडत नाहीये.

आणि त्याहून झोंबणारं. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ जुडी डीलोश यांनी बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांवर बेबी व्हिडिओची परीक्षा घेतली. महिनाभर काही बाळांनी आईबापांबरोबर व्हिडिओ बघितला, काहींनी एकट्याने, काहींना व्हिडिओ नाही पण आईबापांनी तेच शब्द रोजच्या बोलण्यात वापरले, आणि काहींना यातलं काहीच नाही. व्हिडिओवाली बाळं काहीच न मिळालेल्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नव्हती. सगळ्यात जास्त शिकली ती आईबापांच्या बोलण्यातून. पण ज्या पालकांना तो व्हिडिओ स्वतःला आवडला होता, त्यांची खात्री होती की आपलं बाळ त्यातून खूप शिकलं. त्याच्या आदल्याच वर्षी डिस्नीने बेबी आइन्स्टाइन या बाळांसाठीच्या डीव्हीडींचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती, ते उगाच नव्हे.

ऑटिझमचं. टीव्हीमुळे ऑटिझम होतो, हे धरून चालू नका. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. तासन्‌तास पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाचं बोलणं मागे पडू शकतं, कारण तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोललेलं नसतं. पडदा बंद करून माणसं बोलायला लागली की अशी बरीच मुलं भराभर पुढे येतात. त्यावरून "टीव्हीने झाला होता, टीव्ही काढला, बरा झाला" असे व्हिडिओ तयार होतात. याचा खरा तोटा दुसऱ्याच मुलांना होतो. ज्याला ऑटिझम आहे त्याचे आईबाप केबल काढतात आणि वर्षभर वाट बघत बसतात. हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवत नसेल, दीड वर्षाचं होऊन एकही शब्द नसेल, तर केबल काढा नाहीतर ठेवा, पण तपासणी त्याच आठवड्यात करा. सुरुवात आरोग्य केंद्रातून झाली तरी चालेल.

तरवटी

मी जहाजावर. कराराच्या मध्यात आहे, नेट जेमतेम, म्हणून थोडक्यात. मुलगी चौदा महिन्यांची. रोज व्हिडिओ कॉल. बायकोला कोणीतरी सांगितलं की हा पण स्क्रीनच, बंद करा. आता ती फोन उलटा धरते आणि मला घराचं छप्पर दिसतं. डॉक्टर, बंद करायचा का?

मुलांचा_डॉक्टर

अजिबात नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, म्हणजे आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणते, पण नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलला सूट देते. अमेरिकन अकॅडमीनेही २०१६ मध्ये अठरा महिन्यांखालच्या बाळांसाठी तीच सूट ठेवली. ती हसली की तुम्ही हसता, तिने चमचा दाखवला की तुम्ही "चमचा!" म्हणता. कार्टून तसं करत नाही. बायकोला फक्त एवढं सांगा की मुलीजवळ बसून "बाबा कुठाय, बाबाला दाखव" असं बोलत राहायचं, एकटीच्या हातात फोन द्यायचा नाही. आणि छप्पर बघणं बंद करा.

तरवटी

थँक यू. छप्पर गळतंय हेही दिसलं त्यात.

फोंड्याची_सून

डॉक्टर, एक राहिलं. माझी मुलगी कार्टून फार बघत नाही असं वर लिहिलंय. पण आमच्याकडे संध्याकाळी दिवा लागला की टीव्ही लागतो, सासूबाईंच्या मालिका, मग सासऱ्यांच्या बातम्या, मग मिस्टरांची मॅच, सोबत शेजारी. मुलगी तिकडे बघतही नाही, खाली भांडीकुंडी घेऊन खेळते. म्हणजे हा तिचा टीव्ही नव्हे ना?

मुलांचा_डॉक्टर

हा प्रश्न ओपीडीत मला कधीच कोणी विचारत नाही. मी विचारलं, बाळ किती टीव्ही बघतं, की उत्तर येतं अर्धा तास. घरात टीव्ही किती चालू असतो विचारलं की नवराबायको एकमेकांकडे बघतात.

२००८ मध्ये एका, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळण्यांच्या खोलीत तासभर सोडलं. त्यातला अर्धा तास कोपऱ्यात टीव्ही, मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम, मुलांना त्यातलं ओ की ठो कळणार नाही असा. मुलांनी टीव्हीकडे फारसं पाहिलंही नाही. पण टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुटक झाला. एक खेळणं धरून रमायचा वेळ कमी झाला, लक्ष पटकन उडायला लागलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दिमित्री ख्रिस्टाकिस यांनी बाळांच्या कपड्यात छोटं रेकॉर्डर घालून दिवसभराचं बोलणं मोजलं. टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मोठ्यांचे साधारण ७७० शब्द बाळाच्या कानावर कमी पडत होते. टीव्हीतली माणसं बोलत असतात तेव्हा घरातली गप्प बसतात, दुसरं काय.

तेव्हा ताई, तुमच्या मुलीचं कार्टून हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे.

खाजें

म्हणजे आता बातम्या पण बंद? घर आमचं, टीव्ही आमचा, विधानसभेचं अधिवेशन पण बघायचं नाही? उद्या म्हणाल घरात भजन लावू नका.

बालवाडीबाई

खाजें, भजनाला पोर टाळ घेऊन मध्ये नाचतं हो. अधिवेशनात काय करणार ते? आपल्याकडे मोठी माणसं "टीव्ही वाईट" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पोराचं चॅनल असतं. स्वतःचं चॅनल म्हणजे टीव्ही नव्हे, ते घरातलं वातावरण.

हळसांदे

बाईंना हजार मोदक.

कुळागर

मी आजी आहे. सावईवेरेंला राहते, लिहायला नातवाची बहीण मदत करते आहे. एवढं सगळं वाचलं, पण आजीला विचारलं कोणीच नाही.

मालिका मला फार आवडतात असं नाही. सून-मुलगा सकाळी गेले की घर खायला उठतं. आमच्या वेळी या घरात जेवायला पंचवीस ताटं होती. आज मी, हे पोर आणि मागे पोफळी. माणसाचा आवाज असावा म्हणून लावते. कोण कोणाशी भांडतंय तेही मला धड ठाऊक नसतं.

जेवणाचं म्हणाल तर, आम्ही काऊचा घास करून भरवायचो ते चार बायका घरात होत्या म्हणून. एक भरवायची, एक पोराला कडेवर घेऊन अंगणात फिरवायची, बाकीच्या कामात. आता एकटीने पेजेची वाटी, चमचा, पोर आणि पाठीमागे कुकरची शिट्टी. टीव्ही लावला की तोंड आपसूक उघडतं. बंद केला की दात घट्ट. संध्याकाळी सून विचारते, जेवला का, किती जेवला? कमी जेवला म्हटलं की माझ्याकडे बघते.

पण एक सांगते. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणलं तेव्हा सगळं जमिनीवर पसरलं होतं. पोर त्यात बसलं. सुपाऱ्या एकीकडे, तोरिंगं एकीकडे, परत सगळं एकत्र, परत वेगळं. टीव्ही चालू होता तो मीच जाऊन बंद केला, कारण ते बडबडत होतं ते मला ऐकू येईना. हळसांदे, तुमच्या नावाच्या शेंगा सोलायला बसवला तरी तो तसाच बसतो. निम्मे दाणे पाटाखाली जातात, ते वेगळं.

हळसांदे

आज्जी, साष्टांग. दाणे पाटाखाली जाऊ देत.

फोंड्याची_सून

"कमी जेवला म्हटलं की माझ्याकडे बघते" हे वाक्य वाचून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना न विचारताच चहा करून दिला. पुढचं त्यांच्याशी बोलेन. डॉक्टर, जेवणाचं काय करायचं ते सांगा, म्हणजे बोलायला काहीतरी हातात असेल.

मुलांचा_डॉक्टर

आजी, तुमच्यासारखी चिकित्सा आमच्यात कोणी केलेली नाही.

जेवण: टीव्हीसमोर तोंड उघडतं ते भुकेने उघडत नाही. पोट भरल्याचंही त्याला कळत नाही, त्यामुळे कोणी जास्त खातं, कोणी गालात घास धरून बसतं. दोन-अडीच वर्षांची मुलं एखाद्या वेळी पोटभर जेवतात आणि पुढच्या वेळी चार घास. तसं चालतं. सुनेने "किती जेवला" विचारणं थांबवलं की आजीच्या हातातला रिमोट निम्मा सुटतो. मोजायचंच असेल तर अंगणवाडीतला वाढीचा तक्ता बघा. रेघ वर जात असेल तर वाटीत उरलेल्या पेजेवरून घरात भांडण नको. पहिले काही दिवस खाणं कमी होईल आणि सगळे मला शिव्या देतील, तेही सांगून ठेवतो.

मालिकांना माझा विरोध नाही. पोर झोपल्यावर बघा, किंवा दुसऱ्या दिवशी ते बालवाडीत असताना. ॲपवर बहुतेक सगळं मिळतं.

कुळागर

ते लावून कोण देणार? रिमोटला बटणं किती आहेत बघितलंत?

खाजें

आज्जी, व्हॉइसवाला रिमोट असेल तर माइकचं बटण दाबून नुसतं नाव बोला, लागतं. आमच्या आईला तसंच शिकवलंय. ती त्याच्याशी कोंकणीत बोलते आणि ते भलतंच काहीतरी लावतं, पण लावतं. आणि डॉक्टर, मॅच?

मुलांचा_डॉक्टर

पोराला मांडीवर घेऊन, "चेंडू कुठे गेला, कोण धावलं" असं बोलत, एखादा तास. दोन वर्षांच्या पुढचं असेल तर. दिवसभराची कसोटी नको.

मघाशी टीव्ही लांब असतो म्हणून बरा, असं कोणीतरी लिहिलं होतं. डोळ्यांपुरतं त्यात थोडं तथ्य आहे, जवळचं काम डोळ्यांना जड. पण जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, हा दोष टाळायला जास्त उपयोग होतो तो उन्हात-उजेडात बाहेर राहण्याचा. चीनमध्ये ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना हा दोष आला होता, इतर शाळांत ३९.५ टक्के. म्हणजे प्रश्न परत बाहेर सोडण्यावर येतो.

आबोली_२

तेच म्हणते मी. सगळं वाचलं, सगळं पटलं. पण बाहेर सोडायचं तर विहीर तिथेच आहे, आणि शेंगा सोलायला सासूबाईंना खाली बसता येत नाही. टीव्ही बंद करायचा सल्ला फुकट मिळतो, विहिरीवर जाळी फुकट मिळत नाही.

तरवटी

जाळीचं मी सांगतो, हा माझा विषय. लोखंडी चौकट दोन भागांत करा, मध्ये बिजागरी, एक भाग उघडून पाणी काढता आलं पाहिजे. सळ्यांमधलं अंतर पोराचं डोकं जाणार नाही एवढंच. आपल्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत खपल्या धरतं, म्हणून गॅल्वनाइज्ड घ्या, वेल्डिंग केलेल्या जागी झिंकचा रंग. कुलूप पितळी.

खाजें

आबोली, गाव कुठलं? म्हापशाच्या बाजूला असेल तर माझा मावसभाऊ फॅब्रिकेशन करतो. माप मेसेजमध्ये पाठव, मजुरी मी बघतो त्याच्याशी बोलून.

आबोली_२

कठड्याचा व्यास उद्या मोजून पाठवते. आज अंधार पडला, आणि तो अजून जागा आहे.